टँजिअरचा आंतरराष्ट्रीय कारभार (१९२३–१९५६) : शहर कोणी चालवलं, कोणासाठी चालवलं?

खाडीपल्याड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

कॅथरीन ऑफ ब्रागांझाच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. १६६१ च्या त्याच तहात पोर्तुगालनं आणखी एक ठाणं दिलं होतं, मोरोक्कोच्या उत्तर टोकावरचं टँजिअर. इंग्लंडला तेव्हा मुंबईपेक्षा टँजिअरचं अप्रूप जास्त होतं. भूमध्य समुद्राच्या तोंडाशी बंदर, समोर स्पेनचा किनारा. त्यांनी तिथे तटबंदी केली, समुद्रात मोठा धक्का बांधायला घेतला, पण मोरोक्कन फौजांचे वेढे आणि खर्च झेपेना. १६८४ मध्ये तोच धक्का सुरुंग लावून उडवला आणि निघून गेले. मुंबई तोवर, १६६८ मध्ये, वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीकडे गेली होती.

मला लिहायचंय ते टँजिअरच्या विसाव्या शतकातल्या प्रकरणाबद्दल. फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन या तीन साम्राज्यांना हे शहर हवं होतं, तिघांपैकी कोणीच ते दुसऱ्याला मिळू देईना, म्हणून मग सगळ्यांनी मिळून चालवायचं ठरलं. या कारभाराचं वर्णन बरेचदा ‘आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रयोग’ असं केलं जातं. माझं म्हणणं आधीच सांगते. त्याच्या प्रत्येक कलमात एका देशाला दुसऱ्यापासून वाचवण्याची तजवीज आहे. तिथल्या रहिवाशांना जाब विचारता येईल अशी जागा त्यात कुठेच नाही.

एकोणिसाव्या शतकात मोरोक्कोच्या सुलतानानं परदेशी वकिलांना, म्हणजे राजदूतांना, फेज किंवा माराकेशमध्ये न ठेवता टँजिअरला ठेवलं. राजधानीपासून लांब, समुद्रकाठी. या वकिलांनी हळूहळू शहराची कामं हातात घेतली. आधी जहाजांचं विलगीकरण आणि साथीचे रोग, नंतर शहराची स्वच्छता, रस्ते. जवळच्या केप स्पार्टेलच्या दीपगृहासाठी १८६५ मध्ये करार झाला. बांधलं सुलताननं, देखभालीचा खर्च दहा देशांनी वाटून घेतला. अमेरिकासुद्धा त्यात होती. मला हे दीपगृह फार महत्त्वाचं वाटतं. तिथे काम एकच, जहाजांना उजेड दाखवायचा. त्यात कोणाची सत्ता वाढत नव्हती की कमी होत नव्हती, म्हणून ती व्यवस्था सुरळीत चालली.

शहराचं तसं नव्हतं. १९०४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सनं समेट केला. इजिप्तमध्ये फ्रान्सनं आडवं यायचं नाही, मोरोक्कोत ब्रिटननं यायचं नाही. ब्रिटनची अट होती ती जिब्राल्टरसमोरच्या (सामुद्रधुनीपलीकडचा ब्रिटनचा आरमारी तळ) किनाऱ्यावर कोणी तोफा बसवू नयेत ही. त्या वर्षीच्या फ्रान्स-स्पेन करारात मोरोक्कोचे वाटे ठरले आणि टँजिअरचा ‘विशेष दर्जा’ तेव्हाच कागदावर आला. मोरोक्कोच्या सुलतानाला यातलं काही विचारलं गेलं नाही. ३१ मार्च १९०५ ला जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा जातीनं टँजिअरला उतरला आणि सुलतान स्वतंत्र आहे असं जाहीर करून गेला. त्याला मोरोक्कोचं प्रेम नव्हतं, फ्रान्स-ब्रिटन दोस्ती तोडायची होती. त्यातून १९०६ ची अल्जेसिरास परिषद झाली. तिथे मोरोक्कोच्या पोलिसांपासून सरकारी बँकेपर्यंत सगळं परदेशी देखरेखीखाली गेलं. ती बँक टँजिअरमध्येच उघडली.

१९१२ मध्ये फ्रान्सनं संरक्षित राज्याचा तह करून मोरोक्को घेतला, उत्तरेची पट्टी स्पेनला गेली, आणि त्या पट्टीनं तिन्ही बाजूंनी वेढलेलं टँजिअर अधांतरी राहिलं.

आता तिघांचे युक्तिवाद बघा.

स्पेन म्हणे, शहर आमच्या पट्ट्यात आहे, तिथले बहुसंख्य युरोपीय स्पॅनिश आहेत, तेव्हा ते आमचं. फ्रान्स म्हणे, छे, टँजिअरवर सुलतानाचं सार्वभौमत्व अबाधित आहे. ऐकायला किती न्याय्य! पण सुलतान फ्रेंच रेसिडेंट-जनरलच्या (मोरोक्कोतला फ्रान्सचा सर्वोच्च अधिकारी) सहीशिवाय काही करू शकत नव्हता, म्हणजे सुलतानाचा हक्क मान्य केला की फ्रान्सचा मान्य झाला. त्याच जोरावर बंदर बांधण्याचा मक्ता १९२१ मध्ये सुलतानाच्या नावानं दिला गेला, त्या कंपनीत फ्रेंच भांडवलाचं वर्चस्व होतं. आणि ब्रिटन म्हणे, शहर सगळ्यांचं असू द्या. कारण सगळ्यांचं झालं की कोणाचंच आरमार तिथे तळ ठोकणार नाही आणि जिब्राल्टर निर्धास्त.

१९१४ मध्ये मसुदा जवळपास तयार होता, युद्धानं तो बारगळला. अखेर १८ डिसेंबर १९२३ ला पॅरिसमध्ये तिघांनी सह्या केल्या आणि १ जून १९२५ पासून अंमल सुरू झाला. मुदत बारा वर्षांची.

रचना अशी होती. नावाला सुलतान सार्वभौम. त्याचा प्रतिनिधी ‘मेंदूब’. वर नियंत्रण समिती, म्हणजे अल्जेसिरास करारातल्या देशांचे कॉन्सल. विधानसभेनं केलेला कायदा ही समिती अडवू शके. खाली विधानसभा, सुरुवातीला २६ जागा : फ्रान्स ४, स्पेन ४, ब्रिटन ३, इटली २, अमेरिका, बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल प्रत्येकी १. उरलेले ६ मुसलमान आणि ३ ज्यू हे सुलतानाचे प्रजाजन. मुसलमान सभासद मेंदूब नेमायचा. ज्यू समाजानं नऊ नावं द्यायची, त्यातली तीन मेंदूब निवडायचा. आणि मेंदूब कोण, हे फ्रेंच रेसिडेन्सीच्या संमतीशिवाय ठरत नसे.

प्रशासक फ्रेंच. त्याच्या हाताखाली आरोग्याला स्पॅनिश सहप्रशासक, वित्ताला ब्रिटिश. सरकारी बांधकामांचा मुख्य अभियंता फ्रेंच, नगरपालिकेच्या बांधकामांचा स्पॅनिश. २५० शिपायांचं पोलीस दल, त्यावर बेल्जियन अधिकारी, कारण बेल्जियमची कोणालाच भीती नव्हती. प्राप्तिकर नाही, खर्च भागायचा मुख्यतः आयात मालावरच्या जकातीतून. आता या जकातीचा बोजा कोणावर पडणार? साखर, चहा, कापड विकत घेणाऱ्या प्रत्येकावर, बाजारातल्या हमालापासून. बँका आणि परदेशी कंपन्यांच्या नफ्यावर कर नव्हता. करमुक्त टँजिअरच्या गोष्टी रंगवताना हे विसरलं जातं, म्हणून ठळकपणे लिहिते आहे.

बाकी प्रतिसादांत बोलूच. १९४० ची स्पॅनिश फौज, युद्धानंतरचा काळ आणि १९४७ चं सुलतानाचं भाषण यावर वेगळं लिहायचं आहे.

---

वसईवाला

फार दिवसांनी असा धागा आला. मुंबईच्या आंदणाबद्दल थोडी भर घालतो.

मुंबईसुद्धा सहजासहजी हातात पडली नव्हती. १६६२ मध्ये इंग्रज जहाजं आली तेव्हा पोर्तुगीजांनी ताबा द्यायला नकार दिला. मुंबई बेट म्हणजे नेमकं किती, त्यात माहीम येतं का, साष्टी येते का, यावर वाद. अब्राहम शिपमन आपल्या तुकडीसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला, तिथेच आजारानं मेला, त्याची बहुतेक माणसंही तिथेच गेली. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुकनं ताबा घेतला तेव्हा मूठभर सैनिक उरले होते. म्हणजे एकाच लग्नातली दोन्ही गावं, दोन्हीकडे ‘दिलं’ म्हणजे काय दिलं यावर भांडण. तिथल्या कोळ्या-कुणब्यांना किंवा टँजिअरकरांना कोणी विचारलं नाही हेही सारखंच.

एक प्रश्न : इटली १९२३ च्या सह्यांमध्ये नव्हती, पण विधानसभेत तिला जागा दिसतात. हे कसं?

---

खाडीपल्याड

@वसईवाला, अंजदीवबद्दल धन्यवाद.

इटली अल्जेसिरास करारातली सभासद, म्हणून तिच्यासाठी जागा राखून ठेवली. पण वाटाघाटींना बोलावलं नाही. मुसोलिनीनं या कारभाराला मान्यताच दिली नाही. १९२६ मध्ये स्पेनचा हुकूमशहा प्रिमो दे रिवेरानं टँजिअर सरळ स्पॅनिश पट्ट्यात घाला अशी मागणी केली आणि राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) मंडळावरच्या कायम जागेच्या मागणीशी ती जोडली. दोन्ही मिळेना तेव्हा स्पेननं राष्ट्रसंघ सोडण्याची नोटीस दिली. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये इटालियन युद्धनौका टँजिअरच्या बंदरात ‘सदिच्छा भेटीला’ येऊन उभ्या राहिल्या. अर्थ सगळ्यांना कळला.

मग जुलै १९२८ ची दुरुस्ती. इटलीची एक जागा वाढली, सभासद २७ झाले, न्यायखात्याला इटालियन सहप्रशासक आला. स्पेनला पोलीस दलाचं प्रमुखपद मिळालं. आता माझा मुद्दा बघा : दोन वर्षं इतकी खेचाखेच, राष्ट्रसंघापर्यंत प्रकरण, बंदरात युद्धनौका, आणि या सगळ्यात सुलतानाच्या प्रजेच्या नऊ जागा नऊच राहिल्या. त्या वाढवाव्यात यासाठी कोणाची युद्धनौका येणार होती?

---

टपालतिकीट

माझा या शहराशी परिचय तिकिटांमुळे झाला. टँजिअरमध्ये ब्रिटिश, फ्रेंच आणि स्पॅनिश अशी तीन वेगवेगळी टपालखाती एकाच वेळी चालायची. ब्रिटिश पोस्टात नेहमीचीच राजाच्या चित्राची तिकिटं, त्यावर ‘टँजिअर’ असा वरून छाप. हे छापील तिकीटसंच १९५७ पर्यंत निघत होते, म्हणजे शहर मोरोक्कोत विलीन झाल्यानंतरही थोडा काळ. संग्राहकांना हे आवडतं, मलाही आवडतं. पण विचार केला तर गावातल्या गावात पत्र कोणत्या पेटीत टाकायचं हे आपण कोणाच्या छत्राखाली आहोत यावर ठरावं, ही गोष्ट साधी नाही.

चलनाचंही तेच. मोरोक्कन फ्रँक अधिकृत, पण बाजारात स्पॅनिश पेसेटा सर्रास. सराफांचे गाळे रस्त्यावरच.

---

अ‍ॅड_कोर्टनाका

कायद्याच्या अंगानं लिहिते.

याआधी मोरोक्कोत परदेशी नागरिकांवर त्यांच्या कॉन्सलच्या कोर्टात खटला चालायचा. त्याहून वाईट म्हणजे संरक्षित माणसांची पद्धत. एखाद्या वकिलातीचा दलाल किंवा दुभाषी म्हणून नाव लागलं की मोरोक्कन माणूसही सुलतानाच्या करातून आणि न्यायातून सुटायचा. १८८० च्या माद्रिद परिषदेत यावर बंधनं घालायचं ठरलं, प्रत्यक्षात ती पद्धत अजून पक्की झाली.

१९२३ च्या कारभारानं कॉन्सलची कोर्टं बंद करून एक मिश्र न्यायालय आणलं. न्यायाधीश वेगवेगळ्या देशांचे, कायदा एक, मुख्यतः फ्रेंच वळणाचा. वकील म्हणून मला हे न्यायालय खरोखर चांगलं वाटतं. वेगवेगळ्या देशांच्या लोकांमधला व्यापारी तंटा एका ठिकाणी, एका कायद्यानं सुटू लागला.

पण दोन गोष्टी. एक, अमेरिकेनं या व्यवस्थेवर सही केली नाही. त्यामुळे अमेरिकन माणसावरचा खटला १९५६ पर्यंत अमेरिकन कॉन्सलच्याच कोर्टात चालायचा. फ्रेंच मोरोक्कोतल्या अमेरिकन नागरिकांच्या हक्कांवरून फ्रान्सनं अमेरिकेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं, १९५२ मध्ये निकाल लागला, त्यात अमेरिकेचे काही हक्क मान्य झाले आणि काही नाकारले गेले. त्या निकालाची पानं वाचताना विसाव्या शतकाच्या मध्यात लोक १८३६ च्या तहाचा अर्थ लावत बसले होते हे जाणवतं.

दोन, मोरोक्कन मुसलमान या न्यायालयात स्वतःच्या आपसातल्या तंट्यासाठी जाऊ शकत नव्हता. तो मेंदूबच्या कोर्टात. ज्यू प्रजाजनांचे कौटुंबिक वाद रब्बींच्या न्यायालयात. नवं, सुधारित न्यायालय ज्यांच्यासाठी होतं ते युरोपीय.

---

दर्यावर्दी

धागा उत्तम, पण मी थोडं उलट बाजूनं बोलतो.

पर्याय काय होते? टँजिअर फ्रान्सला दिलं असतं तर ते रबातच्या रेसिडेंट-जनरलच्या हुकमाखाली गेलं असतं. स्पेनला दिलं असतं तर १९३६ नंतर थेट हुकूमशहा फ्रँकोच्या. कागदावर तटस्थ, बिनफौजेचं राहिल्यामुळे यादवी युद्धातून पळालेले स्पॅनिश गणतंत्रवादी इथे आले. मध्य युरोपातून निसटलेले ज्यू निर्वासित आले. वेगवेगळ्या भाषांची वर्तमानपत्रं निघत होती. मोरोक्कोच्या स्वातंत्र्यवाद्यांनासुद्धा इथे श्वास घेता आला, कारण पोलीस नेमके कोणाचे हे स्पष्ट नसलेल्या शहरात सत्तेची पकड ढिली असते. १९५२ च्या ३० मार्चला, फेजच्या तहाला (१९१२ चा संरक्षित राज्याचा तह) ४० वर्षं झाली त्या दिवशी, टँजिअरच्या रस्त्यांवर जी निदर्शनं झाली ती कासाब्लांकाइतकी दडपता आली नाहीत आणि जगभर छापून आली.

डान्झिग, त्रिएस्त, १९४७ च्या ठरावातलं जेरुसलेम, ही सगळी आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवलेली किंवा ठेवायची ठरलेली शहरं. यांतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा टँजिअर जास्त वर्षं टिकलं. हे नाकारायचं कशाला?

---

खाडीपल्याड

@दर्यावर्दी, निर्वासितांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ती शहराची खरी कमाई आहे आणि ती या कारभाराच्या ढिलेपणातून आली हेही मान्य.

स्वातंत्र्यवाद्यांच्या बाबतीत मात्र थांबा. १९२३ च्या कराराचं दहावं कलम वाचा. टँजिअरमध्येच नव्हे, फ्रेंच आणि स्पॅनिश पट्ट्यांतल्या प्रस्थापित व्यवस्थेविरुद्धसुद्धा चळवळ किंवा प्रचार करायला इथे बंदी आहे. म्हणजे ‘तटस्थ’ शहरानं दोन्ही वसाहतींचं रक्षण करायची जबाबदारी घेतली होती. १९२१ ते १९२६ शेजारच्या रीफ डोंगरात अब्द अल-करीमचं युद्ध पेटलेलं होतं, त्याच वर्षांत हे कलम लिहिलं गेलं. लोकांनी त्या कलमातून वाट काढली हे त्यांचं कर्तृत्व.

आणि तटस्थतेची किंमत किती होती हे १९३६ आणि १९४० नं दाखवलं. जुलै १९३६ मध्ये गणतंत्र सरकारच्या बाजूची स्पॅनिश जहाजं टँजिअरच्या बंदरात जमली. कायदेशीर सरकारची जहाजं होती ती. फ्रँकोनं धमकावलं, आणि नियंत्रण समितीनं जहाजांनाच बंदर सोडायला सांगितलं.

१४ जून १९४०. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या त्याच दिवशी स्पॅनिश पट्ट्यातल्या खलिफाच्या (तिथला सुलतानाचा प्रतिनिधी) फौजेनं टँजिअर ताब्यात घेतलं. कारण दिलं, शहराची तटस्थता जपायची आहे. ब्रिटन आणि फ्रान्स काही करण्याच्या स्थितीत नव्हते. नोव्हेंबरमध्ये विधानसभा, नियंत्रण समिती, प्रशासक सगळं बरखास्त. मार्च १९४१ मध्ये मेंदूबला हाकललं आणि त्याच्या वाड्यात, मेंदूबियात, जर्मन कॉन्सलचं कार्यालय थाटलं. सुलतानाच्या प्रतिनिधीच्या घरावर स्वस्तिकाचा झेंडा. ते कार्यालय मे १९४४ मध्ये दोस्तांच्या दबावामुळे बंद झालं.

सतरा वर्षं समतोलाची जी काळजीपूर्वक मांडणी केली होती ती एका सकाळीत गेली. ती राखायला शहरातलं कोणी उभं राहिलं नाही, कारण ती त्यांनी मागितली नव्हती आणि तिच्यात त्यांची काही मालकी नव्हती.

---

तापीकाठ

सुरतचं उदाहरण आठवलं, म्हणून थोडक्यात. १७५९ मध्ये कंपनीनं सुरतेचा किल्ला घेतला, पण तो मुघल बादशहाचा किल्लेदार म्हणून. शहरात नवाब तसाच. महसुलात पेशवे आणि गायकवाड यांच्या चौथाईचा वाटा. एका शहरात किल्ला एकाचा, दिवाणी दुसऱ्याची, चौथ तिसऱ्यांची. १८०० मध्ये गव्हर्नर डंकननं नवाबाकडून कारभार काढून घेतला आणि १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनी सुरतेवरचे हक्क सोडले. इथेही बादशहाचं नाव शेवटपर्यंत वापरलं गेलं. टँजिअरमध्ये सुलतानाचं नाव ज्या कामी आलं, त्याच कामी. फरक इतकाच की सुरतेत वाटेकऱ्यांपैकी एक आपण होतो, आणि आपल्या वाटेकऱ्यांनीही सुरतकरांना काय दिलं हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा.

---

मीनल_माद्रिद

मी स्पेनमध्ये राहते, तारिफाहून बोटीनं टँजिअरला जाऊन आलेय. बोटीतून उतरून चढ चढलं की जुन्या शहराच्या वेशीबाहेर ग्रान सोको हा मोठा चौक लागतो. त्याचं अधिकृत नाव ‘९ एप्रिल १९४७ चौक’. शेजारीच मेंदूबियाची बाग, प्रचंड जुनं वडाच्या जातीचं झाड असलेली. याच परिसरात सुलतान महंमद पाचव्याची ती सभा झाली. @खाडीपल्याडताई, त्यावर लिहिणार होता ना? तिथे शाळेच्या मुलांना गटागटानं आणून ही गोष्ट सांगताना मी पाहिलंय.

आणखी एक. टँजिअर, सेउता (मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं स्पेनचं शहर), जिब्राल्टर या पट्ट्यात सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं गेल्या शतकाच्या आरंभापासून आहेत. रेशीम, कलाकुसरीच्या वस्तू, नंतर घड्याळं आणि रेडिओ. फाळणीनंतर त्यांना परत जायला गाव उरलं नाही, तेव्हा काहींचे नातेवाईक मुंबई-उल्हासनगरला आणि दुकान सामुद्रधुनीच्या काठी, असा संसार झाला.

---

खाडीपल्याड

@मीनल_माद्रिद, हो, तेच लिहायला बसले आहे.

युद्ध संपल्यावर ऑगस्ट १९४५ मध्ये पॅरिसला ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ बसले. स्पेननं ऑक्टोबरमध्ये शहर सोडलं, जुना कारभार थोड्या फरकानं पुन्हा सुरू झाला. अमेरिका आता समितीत आली. सोव्हिएत संघाला जागा दिल्या होत्या, पण फ्रँकोचा स्पेन जिथे आहे तिथे आम्ही बसणार नाही म्हणून त्या रिकाम्याच राहिल्या. फ्रेंच-स्पॅनिश चढाओढ टाळण्यासाठी प्रशासकपद छोट्या देशांकडे गेलं : पोर्तुगीज, मग डच, पुन्हा पोर्तुगीज, शेवटी बेल्जियन. आणि सुलतानाच्या प्रजेच्या जागा? अजूनही नेमणुकीनंच.

आता १९४७. महंमद पाचव्याला टँजिअरला यायचं होतं. सुलतान आपल्याच शहरात येणार, त्यासाठी फ्रेंचांची संमती आणि वाटेतल्या स्पॅनिश पट्ट्यातून जायला स्पेनची संमती. निघण्याच्या आधी थोडेच दिवस कासाब्लांकात वसाहती सैनिकांनी गोळीबार करून बरीच माणसं मारली होती. तरीही तो निघाला. आगगाडीनं दोन सीमा ओलांडत आला, म्हणजे मोरोक्को एक आहे हे त्यानं रुळांवरूनच दाखवलं. सभेत त्यानं मोरोक्कोच्या एकतेबद्दल आणि अरब जगाशी असलेल्या नात्याबद्दल बोलून घेतलं. फ्रान्सच्या उपकारांची स्तुती करणारं एक वाक्य भाषणात ठरलेलं होतं, ते वाक्य त्यानं उच्चारलंच नाही.

हे टँजिअरमध्येच का घडू शकलं? @दर्यावर्दी, इथे तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्याला येऊन मिळतो. फ्रान्सनं पंचवीस वर्षं जगाला सांगितलं होतं की टँजिअर सुलतानाचं आहे. ते वाक्य स्पेनला अडवण्यासाठी होतं. सुलतानानं ते खरं मानून वापरलं. जगातल्या डझनभर देशांचे कॉन्सल आणि वार्ताहर जिथे राहतात त्या शहरात उभं राहून तो बोलला, आणि फ्रान्सला ते दाबता आलं नाही. पुढच्याच महिन्यात फ्रान्सनं मवाळ रेसिडेंट-जनरल एरिक लाबोनला परत बोलावून जनरल जुईंला पाठवलं. यावरून त्यांना ते किती लागलं हे कळतं.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सनं महंमद पाचव्याला पदच्युत करून परदेशी धाडलं आणि बेन अराफाला गादीवर बसवलं. स्पेननं त्याला मान्यता दिली नाही. स्पॅनिश पट्ट्यात शुक्रवारच्या नमाजात महंमद पाचव्याचंच नाव घेतलं जायचं. १९५५ च्या शरदात बेन अराफाला रबातमध्ये ठेवणं अशक्य झालं, तेव्हा त्याला कुठे नेऊन ठेवलं? टँजिअरला.

---

अ‍ॅड_कोर्टनाका

मग शेवट कसा झाला? १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाल्यावर हा करार आपोआप संपला की वेगळा तह करावा लागला? आणि बँकांचं काय झालं?

---

दर्यावर्दी

@खाडीपल्याड, फ्रान्सच्याच वाक्यानं फ्रान्सला पकडलं हे पटलं. तरी मी माझा अर्धा मुद्दा धरून आहे : ते व्यासपीठ आंतरराष्ट्रीय होतं म्हणूनच ते भाषण जगानं ऐकलं.

---

खाडीपल्याड

@दर्यावर्दी, धरून राहा. त्या अर्ध्यावर माझा वाद नाही.

@अ‍ॅड_कोर्टनाका, आपोआप संपला नाही. मार्च १९५६ मध्ये फ्रान्सनं आणि एप्रिलमध्ये स्पेननं स्वातंत्र्य मान्य केलं, पण टँजिअरच्या करारात बाकीचे देशही होते, म्हणून वेगळी परिषद घ्यावी लागली. ती कासाब्लांकाजवळच्या फेदालामध्ये झाली, आजचं मोहम्मदिया. २९ ऑक्टोबर १९५६ ला तिथे सह्या झाल्या आणि आंतरराष्ट्रीय कारभार रद्द झाला. मोरोक्को यजमान म्हणून टेबलावर होता, हे या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच. अमेरिकेनं आपली कॉन्सलची कोर्टंही त्याच वर्षी सोडून दिली.

बँकांबद्दल : भांडवल एका रात्रीत पळून जाऊ नये म्हणून महंमद पाचव्यानं ऑगस्ट १९५७ मध्ये एक सनद देऊन शहराचा मुक्त व्यापार आणि खुला चलन-बाजार चालू ठेवला. पण एकाच देशात एका शहराला जकात आणि चलनाचे वेगळे नियम, हे नव्या सरकारला फार काळ परवडणारं नव्हतं. सनद काढून घेतली जाणार असं जाहीर झालं तसे पैसे बाहेर जाऊ लागले आणि एप्रिल १९६० मध्ये ती संपली. त्यानंतर टँजिअरला खरोखर वाईट दिवस आले. बँका गेल्या, युरोपीय गेले, बहुतेक ज्यू कुटुंबंही गेली. काही जण याचा दोष स्वतंत्र मोरोक्कोला देतात. मी तो आधीच्या कारभारालाही देईन. तीसेक वर्षं बंदर, बँका आणि सराफ यांच्यावर शहर पोसलं, कारखाने आणि शेती शेजारच्या पट्ट्यांत राहिली, आणि शहराच्या पोराबाळांच्या शिक्षणाची जबाबदारी प्रत्येक देशानं फक्त आपापल्या मुलांपुरती घेतली. फ्रेंच शाळा, स्पॅनिश शाळा, इटालियन शाळा होत्या. त्यांत काही मोरोक्कन मुलंही शिकली, पण सगळ्या मोरोक्कन मुलांसाठी एक शाळाव्यवस्था उभी करणं हे त्या २७ जणांच्या सभेत कोणाचंच काम नव्हतं.

केप स्पार्टेलच्या दीपगृहाचा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र शहराच्या कारभारानंतरही चालू राहिला. तो १९५८ मध्ये मोरोक्कोकडे गेला.

---

वसईवाला

दीपगृहाचं हे माहीत नव्हतं. @खाडीपल्याड, शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीवर असाच एक धागा काढा अशी विनंती. तिथल्या नगरपरिषदेत चिनी सभासद किती आणि केव्हा आले याची तुलना टँजिअरच्या नऊ जागांशी करून बघायला आवडेल.